ठिणगीचा शोध आणि दोषाचा शोध

पेट्रोलवर चालणारी मोटार सकाळीं सुरू झाली, परंतु तिचा नेहमींचा एकसुरी आवाज तुटक झाला, चढावर तिची शक्ति ओसरली आणि जागच्या जागीं उभी असतांना तिचें अंग थरथरूं लागलें, कीं जाणता मेकॅनिक एका शब्दांत निदान सांगतो : ‘गाडी मिसिंग करते आहे.’ चार सिलिंडरांपैकीं एखाद्यांत पेट्रोलचा स्फोट होईनासा झाला, हा त्या शब्दाचा अर्थ. स्फोट न होण्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे ठिणगी उत्पन्न करणारी इग्निशन कॉइल निकामी होणें. ही कॉइल मालकाला आपल्या घरच्या अंगणांत ओळखतां व बदलतां येते काय? या प्रश्नाचें उत्तर गेल्या सव्वाशें वर्षांत दोनदां बदललें आहे. प्रथम तें ‘होय’ असें होतें. मध्यंतरीं ‘होय, पण बरेंचसें अंदाजानें’ असें झालें. आणि आज बहुतेक गाड्यांच्या बाबतींत तें पुन्हां ‘होय’ असें आहे. हें कसें घडलें, हा यंत्रविद्येच्या इतिहासांतील एक लहानसा परंतु बोधप्रद अध्याय आहे.

कॉइलचें मूळ विजेच्या एका विलक्षण स्वभावांत आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यानें लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यांत बॅटरीचा प्रवाह सोडला आणि दुसऱ्याजवळ वीज दर्शविणारी सुई ठेवली. पहिल्या वेटोळ्यांतील प्रवाह जोडतांना सुई हलली, तोडतांना ती उलट दिशेस हलली. प्रवाह अखंड चालूं असतां मात्र ती स्वस्थ राहिली. म्हणजे दुसऱ्या तारेंत वीज उत्पन्न होते ती पहिल्या तारेंतील प्रवाहाच्या असण्यानें नव्हे, तर त्याच्या बदलण्यानें. मोटारींतील प्रत्येक ठिणगी या एका सिद्धान्तावर उडते.

पांच वर्षांनीं, १८३६ सालीं, आयर्लंडमधील मेनूथ येथील विद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारा पाद्री निकोलस कॅलन यानें या तत्त्वाला उपयुक्त रूप दिलें. त्यानें पहिलें वेटोळें जाड व आंखूड तारेचें केलें आणि दुसरें बारीक व फार लांब तारेचें. प्रवाह एकदम तोडला असतां दुसऱ्या वेटोळ्याच्या टोंकांशीं जबर दाब उत्पन्न झाला. त्या काळीं असा दाब मोजण्याचें सोईचें साधन नव्हतें. म्हणून हा गुरु आपल्या विद्यार्थ्यांनाच झटका घ्यावयास लावी आणि ते किती दचकतात यावरून यंत्राचें सामर्थ्य ठरवी, असें सांगतात. त्याच सुमारास अमेरिकेंत चार्ल्स ग्राफ्टन पेज हाही त्याच दिशेनें प्रयोग करीत होता. पुढें १८५० नंतर पॅरिसमधील कुशल कारागीर हाइनरिश रूमकोर्फ यानें अशीं यंत्रें इतकीं उत्तम बनविलीं कीं लोक त्यांना त्याच्याच नांवानें ओळखूं लागले. १८५३ सालीं फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें प्रवाह तोडण्याच्या जागीं कन्डेन्सर जोडण्याची युक्ति काढली. त्यामुळें त्या जागीं होणारी निरर्थक ठिणगी मंद झाली, प्रवाह झटकन् तुटूं लागला आणि उपयोगाची ठिणगी अधिक प्रखर झाली. हा कन्डेन्सर ध्यानांत ठेवावयाचा आहे. पुढें दोषनिदानाच्या कामीं त्यानें पुष्कळांना चकविलें.

मोटारीच्या कॉइलचें कार्य यावरून सहज समजेल. आजच्या मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. परंतु दाबलेल्या वायूंत प्लगच्या फटींतून ठिणगी उडावयास हजारों व्होल्ट लागतात. जाड तारेच्या कांहींशें वेढ्यांतून प्रवाह वाहूं लागला कीं मधला लोखंडी गाभा चुंबक बनतो. प्रवाह तोडतांच तें चुंबकत्व कोसळतें आणि जाड तारेंतच क्षणभर दोन-चारशें व्होल्टचा दाब उसळतो. बारीक तारेचे वेढे त्याच्या सुमारें शंभरपट असल्यामुळें तिच्या टोंकाशीं दाब वीस-तीस हजार व्होल्टांवर जाऊं शकतो. एवढा दाब सांवरण्याचें काम तारेवरील पातळ लेप आणि त्याभोंवतीं भरलेलें डांबर, तेल किंवा राळ यांना करावें लागतें. हें आवरण एका ठिकाणीं फुटलें, तरी वीज प्लगपर्यंत न जातां जवळची वाट धरते. उष्णता, थरथर आणि ओल हे आवरणाचे तीन शत्रु प्रसिद्ध आहेत. चौथा शत्रु मात्र बहुधा विसरला जातो, आणि तो म्हणजे झिजलेला प्लग. प्लगची फट रुंदावली कीं ठिणगीला अधिक दाब लागतो आणि तो सारा भार कॉइलच्या आवरणावर पडतो.

इंजिनांत ही ठिणगी आणली ती एत्येन लन्वार यानें, पॅरिसमध्यें, १८६० सालीं. त्याच्या गॅसच्या इंजिनांत रूमकोर्फ पद्धतीची कॉइल होती. तरीही पुढील कित्येक वर्षें विजेवर कोणाचा पुरता विश्वास बसेना. ऑटोच्या १८७६ च्या सुप्रसिद्ध इंजिनांत स्फोटासाठीं ज्योत वापरली होती, आणि डाइमलरनें आपल्या इंजिनांत तापलेली नळी वापरली. कार्ल बेन्झ यानें मात्र २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठीं अर्ज केला, तींत बॅटरी, कॉइल व प्लग यांचीच योजना होती.

या मोटारीची घरगुती दुरुस्तीही लौकरच झाली. ऑगस्ट १८८८ मध्यें बेन्झची पत्नी बेर्था ही पतीला न सांगतां, आपल्या दोन मुलांना घेऊन, मानहाइम येथून फोर्त्सहाइम येथें मोटारीनें गेली. हें अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें होतें. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. आणि ठिणगीच्या तारेचें आवरण घासून गेलें, तेव्हां मोज्याच्या पट्ट्यानें तिला वेष्टन केलें, असें सांगतात. ठिणगीचा दोष मालकाच्याच घरच्या माणसानें शोधून दूर केल्याचें हें पहिलें उदाहरण म्हणावयास हरकत नाहीं. परंतु तो दोष डोळ्यांना दिसणारा होता. कॉइलच्या पोटांतील आवरण फुटलें तर तें कोणाला दिसणार? वरून पाहतां निकामी कॉइल आणि निर्दोष कॉइल यांत तिळमात्र फरक नसतो.

न दिसणारा दोष ओळखण्याचा एक उपाय आहे : संशयित वस्तूच्या जागीं तशीच दुसरी, निर्दोष वस्तु ठेवून पाहणें. पण त्यासाठीं दोन वस्तु खरोखरच एकसारख्या असावयास पाहिजेत. ही गोष्ट आज आपण गृहीत धरतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती सिद्ध करून दाखवावी लागली. १९०८ सालीं इंग्लंडमध्यें ब्रुकलँड्स येथें, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं, अमेरिकेंतील कॅडिलॅक कारखान्याच्या तीन मोटारी पूर्णपणें सुट्या केल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले, कांहीं भाग काढून त्यांच्या जागीं विक्रीच्या साठ्यांतील नवे भाग घातले, आणि त्या ढिगांतून पुन्हां तीन मोटारी जोडल्या. कानस वापरण्याची मनाई होती. तिन्ही मोटारी सुरू झाल्या आणि त्यांनीं ५०० मैलांची कसोटीही पार पाडली. एका यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्राला बिनतक्रार बसतो, हें प्रतिष्ठित साक्षीदारांसमोर सिद्ध झालें. अदलाबदलीनें दोष ओळखण्याच्या रीतीचा पाया हाच होय.

त्याच वर्षीं, ऑक्टोबर १९०८ मध्यें, फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारांत आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक मोटारी तयार झाल्या. तिच्या इंजिनांत चार सिलिंडर होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र कॉइल होती. चालकाच्या पुढ्यांतील फळीवर एका पेटींत लाकडी खोक्यांच्या आकाराच्या या चार कॉइली ओळीनें बसविलेल्या असत. प्रत्येकीच्या डोक्यावर पोलादाची एक थरथरती जीभ असे. ती प्रवाह भराभर जोडी व तोडी, आणि गांधिलमाशीसारखा गुणगुणाट करी. खोक्यांना तारा बांधलेल्या नव्हत्या. पितळी बटणें स्प्रिंगांवर टेंकत, एवढाच त्यांचा संबंध. त्यामुळें कोणतेंही खोकें हातानें उचलून दुसऱ्याच्या जागीं ठेवतां येत असे.

मालकांना मिळणाऱ्या फोर्डच्या पुस्तिकेंत दोष शोधण्याची रीति प्रश्नोत्तररूपानें दिली होती. इंजिन चांगल्या वेगानें चालूं ठेवावें, पेटीचें झांकण उघडावें आणि पहिल्या व चौथ्या कॉइलच्या जिभा बोटांनीं दाबून धराव्या. म्हणजे ते दोन सिलिंडर बंद पडतात. उरलेले दुसरा व तिसरा नियमित चालले, तर दोष पहिल्यांत किंवा चौथ्यांत आहे. मग चौथी जीभ सोडून बाकीच्या तिन्ही दाबाव्या. चौथा सिलिंडर नीट चालला तर अपराधी पहिला. दोन परीक्षांत चारांतला एक निवडला जाई. त्यानंतर त्या सिलिंडरचा प्लग पाहावयाचा आणि त्याची कॉइल शेजारच्या कॉइलशीं बदलावयाची. दोष कॉइलबरोबर शेजारीं गेला, तर कॉइल वाईट. दोष जागचा हलला नाहीं, तर कॉइल निर्दोष. तर्कशास्त्र न शिकलेला शेतकरीही ही परीक्षा बिनचूक करूं शके, कारण यंत्राच्या रचनेंतच तुलनेची सोय होती.

मात्र ही रचना इतर बाबतींत सदोष होती. चार जिभा सारख्या लावणें कठीण असे. एक लौकर थरथरे, दुसरी किंचित् उशिरां, आणि त्यामुळें चार सिलिंडरांची चाल सारखी राहत नसे. लाकडी खोक्यांना ओलही बाधे. यावर उपाय निघाला तोही एका घराच्या आवारांतच. अमेरिकेंतील डेटन गांवीं गल्ला मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यांत चार्ल्स केटरिंग हा इंजिनियर नोकरीस होता. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारांत तो व त्याचे मित्र फावल्या वेळीं मोटारींसाठीं विजेची नवी योजना करीत. तींत ठिणग्यांच्या वर्षावाऐवजीं नेमक्या क्षणीं एकच प्रखर ठिणगी पडे. ही योजना पसंत केली ती ब्रुकलँड्सला नांव मिळविलेल्या कॅडिलॅकनेंच. १९०९ सालीं केटरिंग व डीड्स यांनीं आपली डेल्को कंपनी काढली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें विजेचा स्टार्टर, दिवे आणि ठिणगी हीं तिन्ही एकाच व्यवस्थेंत आलीं. हळूहळू हीच पद्धति सर्वत्र रूढ झाली : सर्व सिलिंडरांसाठीं एकच कॉइल, प्रवाह तोडणारे पॉइंट, आणि ठिणगी पाळीपाळीनें प्रत्येक प्लगकडे पाठविणारा डिस्ट्रिब्यूटर. १९२७ च्या अखेरीस मॉडेल टीच्या जागीं आलेल्या ‘मॉडेल ए’मध्यें फोर्डनेंही तीच स्वीकारली.

इंजिनें त्यामुळें खरोखर सुधारलीं. पण मालकाच्या हातांतून एक साधन निसटलें. चार कॉइलींची एक कॉइल झाली आणि तुलनेसाठीं शेजारीण उरली नाहीं. कॉइल बिघडली तर एक सिलिंडर नव्हे, सारी मोटारच अडखळूं लागे किंवा उभी राही. पॉइंट जळले, कन्डेन्सर गेला किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांत ओल शिरली, तरीही तसेंच होई. लक्षण एक आणि संशयित चार, अशी अवस्था झाली.

हा अनुभव आपल्याकडील घरांना अपरिचित नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पुढें कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून फियाट मोटारी निघूं लागल्या. त्यांचेंच नांव मागाहून ‘पद्मिनी’ झालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ही मोटार ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत टिकली. पावसाळ्याच्या सकाळीं बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरचें झांकण कोरड्या फडक्यानें पुसणारा मालक हें चाळीचाळींतून दिसणारें दृश्य होतें. त्या काळची परीक्षा अशी : डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यावरील जाड तार उपसून तिचें टोंक इंजिनच्या धातूपासून थोड्या अंतरावर धरावयाचें आणि दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावयाचा. निळसर, कडकडीत ठिणगी उडाली तर कॉइल ठीक. पिवळट व क्षीण उडाली तर संशय. परंतु कन्डेन्सर गेला असतांही ठिणगी क्षीणच दिसते. कन्डेन्सरच्या अपराधासाठीं चांगल्या कॉइलला शिक्षा व्हावी, असें यामुळें वारंवार घडे. मीटर लावून तारेचा विरोध मोजावा तर तोही पुरता विश्वासार्ह नव्हे. पुष्कळ १२ व्होल्टच्या कॉइलींत जाड तारेचा विरोध सुमारें ३ ओहम भरे; पण थंड असतांना योग्य आंकडा दाखविणारी कॉइल अर्ध्या तासांत तापल्यावर दगा देई, आणि निवल्यावर पुन्हां निर्दोष ठरे. शेवटीं खात्रीची कसोटी एकच उरे, ती म्हणजे दुसरी चांगली कॉइल लावून पाहणें. ती जवळ नसेल त्यानें अंदाजावर पैसे खर्चावे, असा प्रकार होता.

१९७० नंतरच्या दशकांत पॉइंटांची जागा ट्रान्झिस्टरांनीं घेतली. क्रायस्लर कंपनीनें १९७३ मध्यें अमेरिकेंतील आपल्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक ठिणगी-व्यवस्था सरसहा बसविली. पुढें संगणक आला, डिस्ट्रिब्यूटर गेला, आणि अखेर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक स्वतंत्र कॉइल बसूं लागली. मॉडेल टीचा लाकडी खोका प्लॅस्टिकच्या कांडीचें रूप घेऊन परत आला, असें म्हटलें तरी चालेल. त्याबरोबर तुलनाही परत आली. अमेरिकेंत १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना सारख्या प्रकारची दोषसूचक व्यवस्था सक्तीची झाली. स्टीअरिंगखालील खोबणींत एक लहान स्कॅनर जोडला कीं संगणक आपली तक्रार संकेतांत सांगतो. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतो, ‘पी ०३०३’ म्हणजे तिसरा.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. संकेत सिलिंडरचें नांव सांगतो, अपराध्याचें नाहीं. दुसऱ्या सिलिंडरमधील बिघाड कॉइलचा असेल, प्लगचा असेल, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा असेल किंवा व्हॉल्व्हचाही असेल. संकेत वाचतांच नवी कॉइल विकत घेणें म्हणजे साक्षीदाराचें एक वाक्य ऐकून निकाल देणें होय. नव्या पद्धतीच्या कॉइलींत ट्रान्झिस्टर आंतच बसविलेला असल्यामुळें पुष्कळदां मीटरही उपयोगी पडत नाहीं. तेव्हां फोर्डच्या पुस्तिकेंतील जुनी रीतिच वापरावी. इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें, किल्ली काढून ठेवावी आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइली एकमेकींच्या जागीं बसवाव्या. दुसरें कांहींही हलवूं नये. मग बॅटरी जोडावी, स्कॅनरनें जुना संकेत पुसावा आणि मोटार चालवून पाहावी. आतां संकेत ‘पी ०३०३’ आला, तर दोष कॉइलबरोबर हलला, कॉइलच वाईट. पुन्हां ‘पी ०३०२’ च आला, तर कॉइल निर्दोष ठरली. मग त्याच रीतीनें प्लगची अदलाबदल करावी. एका वेळीं एकच वस्तु बदलावी, हा या परीक्षेचा प्राण आहे. कॉइल आणि प्लग एकदम बदलले तर मोटार सुधारेल कदाचित्, पण दोष कोणाचा होता हें कळणार नाहीं.

कॉइल काढणें कठीण नाहीं. इंजिनवरील प्लॅस्टिकचें झांकण काढलें कीं ओळीनें कॉइली दिसतात. प्रत्येकीला तारांचें एक जोडणें व बहुधा एकच बोल्ट असतो. जोडण्याची खिट्टी दाबून तें सोडवावें, तारा धरून ओढूं नये. बोल्ट काढून कॉइल थोडी फिरवावी व सरळ वर उपसावी. खालील विहिरींत तेल सांचलें असेल तर तें खरें कारण असूं शकेल. झांकणाचें पॅकिंग दुरुस्त केल्याविना नवी कॉइल टिकणार नाहीं. प्लग पाहावा, फट रुंदावली असेल तर नव्या कॉइलबरोबर नवे प्लग घालावे. बोल्ट बेताचा आवळावा, कारण त्याचीं भोकें नाजूक असतात. दोन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. जुन्या सवयीनें, चालत्या इंजिनांत कॉइल उपसून ठिणगी पाहूं नये; आजच्या कॉइलचा दाब माणसाला घातक होऊं शकतो आणि इलेक्ट्रॉनिक भागांचाही नाश करतो. आणि इंजिनचा इशारादर्शक दिवा लुकलुकूं लागला असतां मोटार तशीच दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, आणि एका कॉइलच्या कंटाळ्यापायीं तिच्याहून अनेकपट महाग भाग जळून जातो.

कॅलननें विद्यार्थ्यांच्या दचकण्यावरून विजेचा दाब ओळखला. फोर्डच्या मालकानें बोटाखालील जिभेवरून बिघडलेला सिलिंडर ओळखला. आज स्कॅनरचा संकेत तेंच काम करतो. साधनें बदललीं, पण त्यांतील कोणतेंही साधन निर्णय देत नाहीं. निर्णय मिळतो तो दोन सारख्या वस्तूंची जागा बदलून, दोष कोणाबरोबर जातो हें शांतपणें पाहिल्यानें. ज्या घरांत एक पान्हा, एक स्कॅनर आणि अर्धा तास धीर आहे, तेथें ही परीक्षा होऊं शकते. आणि तींत निर्दोष ठरलेली कॉइल केवळ संशयापायीं भंगारांत जात नाहीं.